एका पानाचा हेवा

वहिनीला पुण्याहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं त्या दिवशी मी जेवले नाही. आईला सांगितलं, पोटात दुखतंय. आई म्हणाली, ओवा खा. ओव्याने जाईल असं ते दुखणं नव्हतं.

पाकीट माझ्याच हातात पडलं होतं. मी अंगणात केस वाळवत उभी होते आणि पोस्टमन फाटकातून आत आला. लांबट पांढरं पाकीट, कोपऱ्यात त्या कंपनीचं निळ्या अक्षरांतलं नाव, मधोमध टाइप केलेलं आमचं आडनाव. आडनाव वाचलं आणि मी ओल्या केसांनी जिन्यावरून धावत सुटले. "आबा, आलं! आलं!" अर्ध्या जिन्यात आडनावाच्या आधीचं नाव वाचलं. ते माझं नव्हतं. आबांनी चष्मा लावला, पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, इकडे ये व, तुह्यं पत्र हाये."

वहिनी पिठाचे हात पदराला पुसत आली. पत्र वाचलं, घडी घातली, आणि परत जाऊन भाकरी थापायला बसली. एखादीने निदान हसावं तरी. मी असते तर गल्लीभर पेढे वाटले असते. तिचं ते शांतपणे भाकरी थापणं मला जास्त झोंबलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तिला आमच्या घरात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वयाने ती माझ्याएवढीच, पण भावाच्या नात्याने मी तिची ताई आणि ती माझी वहिनी. आम्ही मूळचे वरणगावकडचे, केळीवाले. मुलांच्या शिक्षणासाठी आबांनी जळगावात घर केलं होतं, भाऊ वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला जाऊन-येऊन होता, आणि मळा सालदाराच्या भरवशावर चालला होता. वहिनी सोनगीरची. धुळ्याला कॉलेजात शिकलेली. आमच्या तोंडी 'मले-तुले', तिच्या तोंडी 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं'. पहिले दोन महिने ती आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलली. मग एकदा दूध उतू गेलं तेव्हा तिच्या तोंडून खणखणीत अहिराणी बाहेर पडली, आई हसली, आणि तेव्हापासून तीही मोकळी झाली.

ती येण्याआधी आमच्या घरात हुशार म्हणजे मी होते. कॉम्प्युटर कळणारी म्हणजे मी. बीएस्सी होऊन मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तिथे चपला बाहेर काढून आत जावं लागे आणि एसी माणसांसाठी नसून मशीनसाठी असे. गल्लीतल्या बायका मला बघून आपल्या पोरींना म्हणत, बघ, कशी शिकली. मग वहिनी आली. तीही बीएस्सी, आणि मार्क माझ्यापेक्षा जास्त. हे कमी होतं म्हणून की काय, ती खापरावरचे मांडे करायची. उलट्या तापल्या खापरावर हातावरचा पुरणाचा मांडा अलगद सोडणं हे येरागबाळ्याचं काम नाही. माझा मांडा दरवेळी फाटून चुलीत पडे. तिचा पहिला मांडा बघून आईने डोळे पुसले होते. मार्कांचं मी एक वेळ सोसलं असतं, पण मांड्यांचं नाही.

त्या काळात कॉम्प्युटरवाल्यांमध्ये एकच चर्चा होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले, त्यामुळे शतक बदललं की मशीनला सन दोन हजार की एकोणीसशे ते कळणार नाही. ते सगळं तपासायला कंपन्यांना माणसं हवी होती. त्या कामाला टेस्टिंग म्हणतात. प्रोग्रॅम दुसऱ्याने लिहायचा आणि आपण तो कुठे चुकतो ते शोधायचं. पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात पेपरात आली तेव्हा मी ती आईला वाचून दाखवली. आई भरताची वांगी भाजत होती. ती म्हणाली, "चुका काढाचे पैशे देतात? अन् हे पोरगी आपल्या घरी फुकट काढत बसली."

मला ती नोकरी हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून माझं चालणार नव्हतं. आबांनी बोलून ठेवलं होतं की पुढच्या लग्नसराईपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर आलेल्या स्थळांपैकी एक बघायचं. स्थळं येत होती. जामनेरचं एक अडतदुकानवालं स्थळ तर दोनदा येऊन चहा पिऊन गेलं होतं. तेव्हा घरातून माझे दोन बायोडाटा एकाच वेळी बाहेर पडत होते, एक लग्नाचा आणि एक नोकरीचा. आणि दोन्ही छापणारा डीटीपीवाला एकच होता.

नोकरीचा बायोडाटा आमच्या घरात अख्ख्या कुटुंबाने मिळून लिहिला. आबा खुर्चीत, काका पलंगावर, भाऊ उंबऱ्यात. आबा सांगायचे, मी लिहायचे. सगळ्यात वर वडिलांचं पूर्ण नाव, गाव, तालुका. मग वडिलांचा व्यवसाय, केळीचा मळा. मग आजोळ. मी म्हटलं, "आबा, कंपनीला आजोळ कशाला?" तर आबा म्हणाले, "मानसाले कसं कळीन, का पोरगी कोनाची हाये? कोनाची ते कळलं म्हंजे मानूस ओळख काढतो." आमच्याकडे कुठलंही काम असंच होतं, ओळख काढून. तलाठ्याकडे जा, दवाखान्यात जा, समोरच्याने आधी मामाचं गाव विचारलंच पाहिजे. म्हणून मामाचं गाव गेलं. काकांच्या आग्रहाने चित्रकलेच्या दोन परीक्षा गेल्या, वक्तृत्वाचं उत्तेजनार्थ बक्षीस गेलं, श्रमदान शिबिराचं प्रमाणपत्र गेलं. येत असलेल्या आणि नुसत्या ऐकलेल्या सगळ्या कॉम्प्युटर भाषा गेल्या. छंद या सदरात मी स्वतः घातलं, वाचन आणि प्रवास.

डीटीपीवाल्याने त्यावर कळस चढवला. त्याच्याकडे माझ्या लग्नाच्या बायोडाट्याची फाइल तयार होती. तीच उघडून त्याने काही ओळी काढल्या, काही घातल्या, आणि इंग्रजी करून दिलं. काढायच्या ओळींतली एक राहिली. स्वभाव, मनमिळाऊ व सुशील. मी ती वाचली होती. वाचून मला ती योग्यच वाटली. नोकरीत काय किंवा सासरी काय, भांडखोर मुलगी कोणाला हवी असते? तीन पानं, वर प्लास्टिकची पारदर्शक फाइल, मागे झेरॉक्सचा गठ्ठा. पोस्टात वजन केलं तेव्हा तिकिटं लावायला पाकिटावर जागा पुरेना, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात भाऊ वहिनीला म्हणाला, तूही टाकून दे एक. त्याला पुण्याकडे बदली मिळण्यासारखी होती, म्हणून तो बोलला. मला तेव्हा त्याचाही राग आला. सख्खा भाऊ, आणि बायकोला माझ्या वाटेवर आणून उभी करतो! वहिनीने काही कोणाला बोलावून बसवलं नाही. दुपारची भांडी झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून तिने एक पान लिहिलं, माझ्याच क्लासमध्ये येऊन टाइप केलं, आणि माझ्याच प्रिंटरवर काढलं. प्रिंटर किरकिर करत ते एक पान बाहेर ढकलत होता आणि मी तिथेच उभी राहून ते उलट्या बाजूने वाचत होते.

लग्नाआधी ती वर्षभर धुळ्यात एका गृहस्थांकडे कामाला जायची. ते जिनिंगवाल्यांना आणि दाळमिलवाल्यांना बिलाचे प्रोग्रॅम बनवून विकत. प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी वहिनीने तो दिवाणजीसारखा वापरून बघायचा, एवढंच तिचं काम. तिने पानावर वर नाव-पत्ता लिहिला होता आणि खाली लगेच, मी काय तपासलं आणि मला काय सापडलं. कापसाच्या गाडीचं वजन शून्य टाकलं तरी बिल निघत होतं. तीच गाडी दोनदा नोंदवली तरी प्रोग्रॅम हूं का चूं करत नव्हता. फेब्रुवारीची एकोणतीस तारीख टाकली की सगळंच बंद पडत होतं. प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी: काय केलं तेव्हा असं झालं, खरं काय व्हायला हवं होतं, आणि दुरुस्त झाल्यावर तिने पुन्हा बघितलं की नाही. शिक्षण सगळ्यात शेवटी, एका ओळीत. बस.

"हा काय बायोडाटा आहे की तक्रारअर्ज?" मी म्हटलं. ती म्हणाली, "तक्रारच शे." आबांनाही ते पान बघून वाईट वाटलं होतं. सुनेने सासऱ्याचं नाव पत्त्यापुरतंच घातलं होतं आणि माहेरचं तर कुठेच नाही. "बिनबापाची वाटते," ते म्हणाले. मला मनातून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, हिचं काही होत नाही.

आणि बोलावणं तिला आलं. माझ्या तीन पानांचं काय झालं ते कंपनीने कळवलंसुद्धा नाही.

भाऊ तिला घेऊन पुण्याला गेला. परत आली ती तशीच शांत. पंधरवड्यात नेमणुकीचं पत्रही आलं. त्या पंधरवड्यात मी काय काय केलं नाही! ती न्हाऊन आली की मी मुद्दाम आरसा अडवून उभी राहायचे. ती बोलायला लागली की रेडिओ मोठा करायचे. आबा गल्लीत सगळ्यांना सांगत होते, आमची सून पुण्याला लागली. लोक विचारायचे, अन् पोरगी? आबा म्हणायचे, तिचं पाहू राहिलो. 'पाहू राहिलो' म्हणजे जामनेरचा अडतवाला तिसऱ्यांदा चहाला येणार होता. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत नीट कळलं.

मग एका सकाळी वहिनी चहा गाळता गाळता तोंडावर पदर धरून मोरीकडे धावली. दुसऱ्या दिवशीही तेच. आईला आधी कळलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तोंड गंभीर केलं आणि सांगितलं, पहिले काही महिने प्रवास नाही, जड उचलायचं नाही, पडून राहायचं. कंपनीला माणूस लगेच हवं होतं. भावाची बदली तर अजून कागदावरही आली नव्हती. कोणी कोणाला अडवलं नाही, कोणी रागे भरलं नाही. आई एवढंच म्हणाली, "माय व, अशा दिवसाचीले कशी धाडू एवढ्या लांब?" आणि सातव्यानंतर पहिलं बाळंतपण माहेरी, सोनगीरला, ते तर ठरलेलंच. सगळं आपोआप मिटलं.

तुम्हाला वाटेल, आता तरी माझं मन निवलं असेल. छे. घरात तिचे डोहाळे सुरू झाले. आज तिला कैरी हवी, उद्या शेवभाजी हवी, परवा चुलीतली माती खावीशी वाटते. आबा स्वतः बाजारातून कैऱ्या निवडून आणायचे. माझ्यासाठी त्यांनी कधी पेरू आणला नव्हता. नोकरी गेली तरी कौतुक तिचंच, आणि नोकरी न मिळालेली मी म्हणजे घरातली एक वापरलेली वस्तू. तिच्या ओकाऱ्यांचासुद्धा मला हेवा वाटला, आता बोला.

कंपनीला कळवायला ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. आईने मला सोबत धाडलं, चक्कर आली तर धरायला. काचेच्या त्या डब्यात आम्ही दोघी अंगाला अंग लावून उभ्या, वर मीटरचे लाल आकडे पळत होते. आधी ती इंग्रजीत बोलली. येऊ शकत नाही, कारण असं असं. पलीकडचे साहेब मराठी असावेत, कारण ती एकदम मराठीत आली. दुसरं कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं असावं. मग माझ्याकडे बघून, माझ्यासमोर, ती फोनमध्ये म्हणाली, "आमच्या घरी एक आहे. माझी नणंद. मी आल्यापासून तिने माझी एकही चूक सोडलेली नाही. माझ्यापेक्षा तीच घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या माणसाला, तेही पुण्याच्या, माझी अशी ओळख! घरापर्यंत मी तिच्या चार पावलं पुढेच चालले. फाटकाशी तिने माझा दंड धरला. मळमळतंय म्हणून धरला असेल म्हणून मी थांबले, तर ती म्हणाली, "बायोडाटा धाडा म्हनतस त्या."

"गेलाय माझा. तीन पानं."

"तो नका धाडू ताई. मी लिखसू."

"काही गरज नाही," मी म्हटलं, आणि धाडकन फाटक लावलं. ते तिच्या बोटावर बसता बसता राहिलं.

दुपारी वीज गेलेली होती. जळगावचा उन्हाळा, त्यात वीज नाही, म्हणजे माणसाच्या स्वभावाची परीक्षाच. वहिनी ओसरीत खाटेवर पडून कापलेलं लिंबू हुंगत होती. उशाशी माझ्या तीन पानांची झेरॉक्स प्रत. ती कुठून काढली तिने, देव जाणे. वाचता वाचता ती हसली. एकदा हसली, मग खाट हलेपर्यंत हसत सुटली.

"काय झालं हसायला?"

तिने बोट ठेवून दाखवलं. "मनमिळाऊ! मनमिळाऊ टेस्टर कोनले जोयजे?" आणि खाली बोट नेऊन, "प्रवास. कोठला प्रवास करतस तुम्ही?"

मी म्हटलं, "जामनेरचा." आणि माझा बांध फुटला. त्या दिवशी मी जे बोलले ते थांबून बोललेच नाही. म्हटलं, तुम्ही हसू नका मला. तुमची भाकरी एका अंगाने करपते, मी रोज बघते, पण सगळे वाहवा करतात म्हणून गप्प बसते. तुम्ही कपडे वाळत घालता ते बाह्या आत ठेवून, मग काखेत ओलं राहतं आणि वास मारतं. तुम्ही मिठाच्या बरणीत ओला चमचा घालता. मांडे तुमचे पातळ होतात, पण कडेला पुरण पोचतच नाही, आई बोलत नाही एवढंच. ती पेन्सिल घेऊन त्याच तीन पानांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत होती. मला वाटलं, नवऱ्याला दाखवायला लिहून ठेवते आहे. म्हटलं, लिहा, खुशाल लिहा.

"बठ्ठं खरं शे," ती म्हणाली. "आखो बोला."

मग मी घर सोडून गावावर घसरले. क्लासमधला मार्कांचा प्रोग्रॅम गाढव आहे. गैरहजर पोराला तो पास दाखवतो, कारण गैरहजर लिहायला जागाच ठेवलेली नाही, सरांना सांगून तोंड दुखलं. आणि ते शेतकऱ्यांची केळी एकत्र विकणाऱ्या ग्रुपचं ऑफिस! तिथे नवीन कॉम्प्युटर बसवलाय आणि ट्रकच्या वजनाची चिठ्ठी त्यावर काढतात. एकच ट्रक एका दिवसात दुसरी खेप घेऊन आला की दुसऱ्या खेपेचं वजन पहिल्यावर बसतं आणि पहिली खेप गायब. आबा घरी येऊन म्हणाले, आज माल कमी भरला. मी म्हटलं, माल कमी भरत नसतो. गेले तिथे, त्याच नंबरचा ट्रक दोनदा घातला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पहिली खेप पुसून दाखवली. तो ऑपरेटर मला म्हणतो, ताई, तुम्हाला काही कामधंदा नाही का!

वहिनी उठून बसली. "कव्हय करं हाई?"

"दिवाळीच्या आधी."

"मंग हाई त्या तीन पानंसमा कोठे शे?"

उत्तर सोपं होतं. मुलीच्या बायोडाट्यात असलं कोणी लिहीत नाही. मुलगी दुसऱ्यांच्या चुका काढते हे लपवण्यासाठीच तर बायोडाटा असतो. मी ऑपरेटरला सर्वांदेखत उघडं पाडून आले, हे जामनेरला कळलं असतं तर अडतवाला चहालाही आला नसता. आईने मला तेव्हा दम दिला होता, हे बाहेर बोलू नको म्हणून. आणि मीच ते इतकं नीट गाडलं होतं की नोकरीसाठी लिहायला बसले तेव्हा ते मला आठवलंसुद्धा नाही. आठवलं काय, तर वक्तृत्वाचं उत्तेजनार्थ.

त्या दुपारी खाटेवर तिने माझं पान केलं. मी बाजूला बसून विरोध करत होते आणि ती खोडत होती. आजोळ खोडलं. चित्रकला खोडली. नुसत्या ऐकलेल्या भाषा खोडल्या, म्हणाली, एक जरी इचारी तं काय सांगशात? मळा मात्र तिने ठेवला, पण वडिलांचा म्हणून नाही. वजनाच्या चिठ्ठीखाली लिहिलं, हा प्रोग्रॅम वापरणारे कोण आणि चूक राहिली तर नुकसान कोणाचं, हे हिला घरातून माहीत आहे. सगळ्यात वर ट्रकची खेप, कारण ती मी स्वतः जाऊन पुन्हा घडवून दाखवली होती. "सापडनं म्हनीसन कोनी बी सांगी," ती म्हणाली, "परत करी दखाडनं, ते वर लिखो." मधेच तिला उमासा आला, मी घमेलं धरलं, ती तोंड पुसून पुन्हा पेन्सिल धरून बसली. माझा राग जाईना आणि तिचं लिहिणं थांबेना, अशी आमची दुपार गेली.

आता पुष्कळ वर्षं दुसऱ्यांचे बायोडाटे वाचणं हेच माझं काम झालं आहे. अजून कोणी 'मनमिळाऊ' लिहून पाठवतं. मी ते पान उलटं ठेवते.

माझं एक पान गेलं आणि बोलावणं आलं. या वेळी जिन्यात थांबून नाव आधी वाचलं. पुण्यात टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, "ट्रकचं सांगा." मी सांगितलं. ते म्हणाले, ऑपरेटर चिडला नाही का? मी म्हटलं, चिडला, पण ट्रक दोनदा आला होता हे त्यालाही नाकारता येईना. साहेबांनी शेजारच्या बाईंकडे बघितलं. त्यांनी मला मग एका स्क्रीनपुढे बसवलं आणि यात काय वाटेल ते करून बघा म्हणाले. मला आयुष्यात प्रथमच कोणीतरी तसं म्हणत होतं. मी संध्याकाळपर्यंत उठले नाही.

रुजू व्हायची तारीख आली तेव्हा वहिनीला सातवा लागला होता आणि आता प्रवासाला डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती. आबांनी ठरवलं, पुण्याला सरळ वाटेने न जाता धुळ्यावरून जायचं, म्हणजे तिला माहेरी सोडणं आणि मला पोचवणं एकाच फेरीत होईल. सोनगीरहून तिचे भाऊ जीप घेऊन धुळ्याच्या स्टँडवर येणार होते. एसटीत आबा आणि भाऊ पुढे बसले, आम्ही दोघी मागे एका बाकावर. खिडकी मी घेतली. तिने मागितली नाही. माझ्या मांडीवर नवी कोरी पर्स, तिच्या मांडीवर आईने दिलेले डिंकाचे लाडू. पारोळ्याच्या पुढे तिने एक लाडू मला दिला आणि विचारलं, पुण्यात मशीन कोणतं आहे, किती जण एका खोलीत बसतात, चूक सापडली की कोणाला जाऊन सांगायची. मी सांगत होते आणि ती पुढचं विचारत होती. अगदी बारीक, एकामागून एक. तिने ते टेबल बघितलेलं होतं. त्या टेबलापलीकडच्या साहेबांनी आधी तिलाच निवडलेलं होतं.

धुळ्याच्या स्टँडात गाडी शिरली. भाऊ सामान काढायला उठला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, खरं सांगा. तुम्हाला वाईट नाही वाटत?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, असं काय ताई, तुमचं झालं ते माझंच झालं. सुनेने असंच म्हणायचं असतं.

"वाटस," ती म्हणाली. "भलतं वाटस." लाडवांचा डबा तिने माझ्या मांडीवर ठेवला आणि बाकाच्या दांडीला धरून हळूहळू उभी राहिली. "इतला दिन तुम्हीन मना हेवा करा. आते मी तुमना करसू."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं. मग माझ्या भावाचा हात धरून ती उतरली, गर्दीतून वाट काढत माझ्या खिडकीखाली येऊन उभी राहिली, एक हात पोटावर आणि एक हात उन्हासाठी कपाळावर. कोणीतरी कधीतरी माझा हेवा करावा, म्हणून मी किती जळले होते. गाडी हलेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, आणि मला काही पुन्हा तिच्याकडे मान वळवता आली नाही.